बॉक्सरचा बाप बाहेर बसतो

आमच्या घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण मी उघडतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. माझी मुलगी व्यावसायिक बॉक्सर आहे हे कळलं की लोक जे काही डोळ्यांसमोर आणतात, त्यात ही बरणी बसत नाही. लढत तीन आठवड्यांवर आली की ती झाकण पिरगळत नाही, नारळ फोडत नाही, सिलिंडरला हात लावत नाही. कुणी हात मिळवायला पुढे आलं तर लांबूनच नमस्कार करते. बोटं दुखावली तर लढत गेली. म्हणून रेल्वेच्या ऑफिसात आयुष्यभर फायली उचलून ज्याच्या मनगटात कधी काही आलं नाही असा मी, टॉवेल घेऊन बरणीशी झटत असतो आणि ती बाजूला उभी राहून मला शिकवते, "आराम से बाबा. कंधे से जोर लगाओ."

ती हिंदीत बोलते, आम्ही मराठीत बोलतो. रायपूरच्या बहुतेक मराठी घरांत आता हे असंच आहे. माझे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि भनपुरीच्या अलीकडच्या या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, राहिले. त्यांच्यासारखी आणखी काही बौद्ध कुटुंबं आली, त्यांनी मिळून विहार बांधला, विहारामागे एक हॉल बांधला. समोरून दिवसभर उरल्याच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक धावतात. धूळ इतकी की सकाळी पुसलेल्या खुर्चीवर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं.

मुलगी बॉक्सिंग शिकतेय हे मला सात महिने माहीत नव्हतं. मी तिला उरल्याला कॉम्प्युटरच्या क्लासला पाठवत होतो. सात महिने झाले तरी सर्टिफिकेट येईना, म्हणून एक दिवस मी तावातावानं क्लासवाल्याला जाब विचारायला गेलो. त्यानं रजिस्टर उलटंपालटं केलं आणि विचारलं, "कौन सी लड़की, अंकल?"

ती सापडली क्लासच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. हाताला पट्ट्या गुंडाळलेल्या, समोर वाळूचं पोतं टांगलेलं आणि पोत्याची दयनीय अवस्था. मी दारातूनच ओरडलो, "काय चालवलंय हे!" तेव्हा आतून नाक चपटं झालेला, दाराएवढा रुंद माणूस आला. मनात म्हटलं, संपलं. आज आपली तिरडी इथूनच उठणार. त्यानं माझ्याकडे पाहिलं, बसायला स्टूल दिलं आणि इतक्या हळू आवाजात विचारलं की मला पुढे वाकावं लागलं, "चाय लेंगे, साहब? शक्कर कम?"

हे तिचे सर. रोलिंग मिलमध्ये कामाला होते आणि पाळी संपली की शेडमध्ये मुलांना शिकवत. मी चहा पीत असताना ते एका लंगड्या कुत्रीला बिस्किटं भिजवून भरवत होते. पोरीला ओढत घरी न्यायला गेलो होतो, तिची पट्ट्यांची पिशवी खांद्यावर घेऊन परत आलो. दारात बायकोनं विचारलं, "काहून जी, सर्टिफिकेट भेटलं का?" मी म्हटलं, "भेटलं म्हण."

पुढे ती जिल्ह्यात लढली, राज्यात लढली, मग व्यावसायिक झाली. आणि इथून माझी अक्कल गेली.

माणसाला अभिमान वाटला तर त्यानं पेढे वाटावेत. मी धमक्या वाटल्या. आयुष्यभर मी भित्रा माणूस. साहेब ओरडला तर उभा, चपराशी ओरडला तरी उभा. आणि साठीला टेकताना अचानक घरात दोन मुठी आल्या. त्या माझ्या नव्हत्या, पण माझ्याच आडनावाच्या होत्या. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं की मी म्हणायचो, "भाऊ, माही पोट्टी बॉक्सर आहे, मालूम आहे ना?" भाजीवाल्या ताईला म्हणायचो, "वांगं किडकं निघालं तं पोट्टीले पाठवतो." भनपुरीच्या वळणावर एका ट्रकवाल्यानं माझ्या स्कूटीवर चिखल उडवला, तेव्हा मी अर्धा किलोमीटर त्याचा पाठलाग केला. त्यानं थांबून दार उघडलं. तो खाली उतरायच्या आत मी त्याला मुलीचा फोटो दाखवला आणि तो फोटोकडे बघत असताना पळून आलो.

सगळ्यात जास्त धमक्या मिळाल्या त्या विहार समितीच्या सेक्रेटरींना. हे गृहस्थ आमच्या समोरच राहतात. स्वतःच्या घरापुढे सावली नाही म्हणून गाडी माझ्या फाटकापुढे लावतात. मी एकदा, दोनदा, दहादा सांगितलं. शेवटी एक दिवस म्हणालो, "माह्या पोट्टीनं एक देल्ला ना, तं दात वेचाले झाडू लागंन." त्यांनी चष्मा पुसला आणि घरात गेले. मला वाटलं, घाबरले. मी आत येऊन दोन वेळा जेवलो.

मुलीला यातलं काहीही माहीत नव्हतं.

तिची एक लढत मी प्रत्यक्ष पाहिली. दोन रात्रींचा प्रवास करून गेलो होतो. पहिल्या फेरीत समोरच्या मुलीचा ठोसा तिच्या बरगडीत बसला आणि मी खुर्चीवर चढून जे काही ओरडलो, ते इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या फेरीत दोन माणसांनी मला काखेत धरून बाहेर नेलं. उरलेल्या चार फेऱ्या मी पाणपोईजवळ उभं राहून भिंतीपलीकडच्या आवाजावरून ऐकल्या. गुणांवर ती जिंकली, हे मला पाणी भरायला आलेल्या एका बाईनं सांगितलं. मी त्या बाईला मिठी मारणार होतो. तिनं बादली मध्ये धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला गेलो तर माझी मुलगी एका मुलीसमोर बसून तिला संत्रं सोलून देत होती. त्या मुलीचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. कालची तीच. मी थबकलो. माझी म्हणाली, "बाबा, इसको ठंडा दूध ला दो ना, चबाने में दुख रहा है." डोळा सुजवणारी हीच, दुधाची काळजी करणारीही हीच. मी दूध आणलं. ती मुलगी उठून माझ्या पाया पडली. म्हणाली, "अंकल, कल आप ही थे ना जिनको बाहर निकाला?"

तर असा मी. आता मुख्य गोष्ट.

आमच्या पाऱ्यातल्या मुलींना उरल्याच्या शेडपर्यंत जाणं शक्य नव्हतं. मधला रस्ता ट्रकांचा, संध्याकाळी तर ओलांडताच येत नाही. मुलीच्या मनात आलं की विहारामागचा हॉल संध्याकाळी पाच ते सहा रिकामाच असतो, तिथे आपण शिकवावं. घराघरात जाऊन ती आयांशी बोलली. चौदा मुलींनी नावं दिली. तिनं समितीला अर्ज लिहिला, तोही मराठीत, माझ्याकडून चार वेळा तपासून घेतला. लढतीच्या आधीही मी तिला इतकी अस्वस्थ पाहिली नव्हती. "बाबा, मना कर दिया तो?" ती सारखी विचारायची. मी म्हणायचो, "कोन मना करते? मी आहो ना." हे ऐकून तिला धीर येत असे. बिचारी.

मग नावं गळायला लागली. चौदाची दहा झाली, दहाची सहा. आया दारातच म्हणायच्या, "पाहू पुढच्या महिन्यात." ती घरी येऊन यादीतलं नाव खोडायची. बायकोनं मला एकदा विचारलं, "तुमी कोनाले काही बोलले तं नाई ना?" मी अगदी खरं आश्चर्य दाखवून म्हणालो, "मी?"

समितीची बैठक रविवारी सकाळी असते. आधी वंदना होते, सगळे मिळून पंचशील म्हणतात, मग चटया वळवून तिथेच गोल करून बसतात. त्या रविवारीही तसंच झालं. पहिलं शील म्हणजे कुठल्याही जिवाला इजा न करण्याचं. मी ते सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं, अध्यक्षांना ऐकू जावं म्हणून. अध्यक्ष म्हणजे आमचे गुरुजी, निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या पुढचे. पाऱ्यातल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी एके काळी पिळलेले.

अर्ज वाचून झाल्यावर सेक्रेटरी उभे राहिले. चष्मा पुसला. "गुरुजी, आत्ताच आपन पहिलं शील म्हटलं. आन् त्याच विहाराच्या हॉलात पोरींले ठोसे माराचं शिकवाचं? हे लोकं रिंगमंदी मारतात, मंग बाहेर कोनाले सोडतात का?"

"तुमाले कसं माहीत?" गुरुजींनी विचारलं.

सेक्रेटरींनी खिशातून डायरी काढली. हा माणूस नोकरीत हेडक्लार्क होता हे मी विसरलो होतो. माझी प्रत्येक धमकी त्यांनी त्यात टिपून ठेवली होती, शब्दाला शब्द. ते वाचू लागले. "फाटकासमोर. 'पोट्टीले आवाज देऊ काय?' पुन्हा फाटकासमोर. 'एका बुक्क्यात गाडीची काच जाइन, दुसऱ्यात तुमच्या चष्म्याची.' पुन्हा..."

दात वेचायच्या झाडूपर्यंत आले तेव्हा बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिस्स करून हसलं. मग भाजीवाली ताई उठली. तिचीही नात नाव दिलेल्या चौदांत होती. "मले तं किडक्या वांग्यासाठी म्हने पोट्टीले पाठवतो. मी म्हटलं बाप्पा, एवढ्याश्या वांग्यासाठी माणूस मारते का ही? म्हनून नातीचं नाव काढलं. खोटं काहून बोलू?" मग रेशनच्या रांगेतला एक जण बोलला. मग आणखी एक. मला वाटलं होतं त्यापेक्षा मी फारच मेहनत घेतली होती.

मी मुलीकडे पाहिलं नाही. पण ती माझ्याकडे बघतेय हे कानाला कळत होतं. कान तापले होते. चौदाची सहा कशी झाली, हे तिला त्या क्षणी समजलं.

तिथेच हात जोडून मी सगळं कबूल केलं असतं तर आज ही गोष्ट माझ्या मोठेपणाची झाली असती. पण सेक्रेटरी म्हणाले, "ज्या घरचा बाप असा, त्या घरची पोरगी कशी असंन, तुमीच सांगा."

आणि मी उठलो. पंचशील म्हणून अर्धा तासही झाला नव्हता. मूठ आवळली, हात मागे नेला आणि दोन चटया ओलांडून सेक्रेटरींकडे निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर हात उगारला, तोही बुद्धमूर्तीसमोर, ऐंशी वर्षांच्या गुरुजींच्या देखत. सेक्रेटरींनी डायरी तोंडापुढे धरली.

मुलगी कधी उठली, कधी मध्ये आली, कुणाला दिसलं नाही. तिनं ना मला ढकललं, ना ओढलं. माझी मूठ हवेतच तिच्या दोन्ही तळव्यांत आली. पंधरा दिवसांवर लढत होती. जी पोरगी अशा दिवसांत कुणाशी हात मिळवत नाही, तिनं माझी मूठ अशी धरली जशी पाखराचं पिल्लू धरतात. तिनं मुठीकडे नीट पाहिलं.

"बाबा," ती हळू म्हणाली, "अंगूठा अंदर है."

मला कळेना.

"अंगूठा मुट्ठी के अंदर रखा है आपने. ऐसे मारोगे तो काका को कुछ नहीं होगा. आपका अंगूठा टूटेगा."

मग तिनं माझं एकेक बोट सोडवलं. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी. शेवटी आतला अंगठा बाहेर काढला.   "बैठो," ती म्हणाली आणि मी बसलो. 

तिनं सेक्रेटरींपुढे वाकून त्यांच्या हातून पडलेली डायरी उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. "काका, माफ करा. मले हे काहीच माहीत नव्हतं." मराठीत म्हणाली. मोठ्यांशी बोलताना ती प्रयत्न करते.

गुरुजींनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, खरं सांग. तुले राग येत नाई का?"

"येते ना गुरुजी. आत्ता पण येऊन राहिला." तिनं माझ्याकडे पाहिलं. लोक हसले. ती हसली नाही. "पण गुस्से में मारा ना, तर मी हारते. सर पहिल्या दिवशीच हे शिकवतात. गुस्सेवाला आंधळा असते, त्याचा हात आधीच दिसते."

"आन् बाहेर? रस्त्यावर कोनी काही बोललं तं?"

 ती जे बोलली ते मी रोज एकदा तरी आठवतो. "रिंगमध्ये घंटी असते गुरुजी. वाजली की थांबाचं. माझा हात अर्ध्यात असला तरी थांबाचं. बाहर घंटीच नाही. कोण थांबवणार? म्हणून मी बाहर सुरूच नाही करत."

"मंग सगळेच बॉक्सर असे साधू असतात म्हन ना," सेक्रेटरी डायरीमागून म्हणाले, पण आवाजातली धार गेली होती.

"नाही काका. झूठ नाही बोलणार. आमच्या शेडमध्ये एक होता, घरी बायकोवर हात उचलायचा. सरांना कळलं, तर त्यांनी खिळ्यावरचे त्याचे ग्लोव्हज काढून त्याच्या हातात दिले. ओरडले पण नाही. बोलले, 'बेटा, तुझे मैंने कुछ नहीं सिखाया, मेरी गलती.' तो आजतक परत नाही आला."

 गुरुजींनी भाजीवाल्या ताईकडे पाहिलं. ताई पदर सावरत उठली आणि म्हणाली, "माह्या नातीचं नाव लिहा पुन्हा. बापाले असं बसवता येते हे शिकली तरी पुरे." बायकांत असा हशा पिकला की एरवी विहारात शांतता राखा म्हणणारे गुरुजीही तोंडावर हात धरून बसले.

"हॉल पोरीले," गुरुजी म्हणाले. "रोज पाच ते सहा. पन अट एकच." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "शिकवनी चालू असताना ह्यानं आत पाय ठेवाचा नाई."

"मंजूर!" सेक्रेटरी ओरडले. त्यांनी इतक्या आनंदानं आणि इतक्या वळणदार अक्षरात आजवर कुठलाच ठराव लिहिला नसेल. दोनदा अधोरेखित केला.

 घरी आल्यावर मुलीनं चप्पल काढलीच नाही. "चलो," म्हणाली. त्या दिवशी ती मला घरोघर घेऊन फिरली. जिथे जिथे मी तिचं नाव घेऊन दम दिला होता, तिथे तिथे मी हात जोडले आणि ती माझ्या मागे उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. भाजीवाल्या ताईनं माफी ऐकून घेतली आणि चार वांगी पिशवीत टाकली, त्यातलं एक किडकं मुद्दाम. ट्रकवाला मात्र राहिला. तो आता कुठल्या राज्यात असेल कोण जाणे. परत येताना फाटकापाशी सेक्रेटरींची गाडी लावलेलीच होती. मी तिला वळसा घालून आत गेलो. मुलगी तेव्हा कुठे हसली. "अंगूठा कहाँ है, बाबा?" मी दोन्ही तळवे उघडून दाखवले.

पंधरा दिवसांनी ती लढली, जिंकली. मी गेलो नाही. घरीच बसून बायकोच्या फोनवर पाहिलं. बायको म्हणाली, "वरडा ना आता, कोन काढते तुमाले इथून?" पण माझ्याच्यानं ओरडवेना. घंटा वाजल्याबरोबर तिचा हात मध्येच थांबतो का, ते मी बघत होतो. प्रत्येक वेळी थांबत होता.

आता रोज पाच वाजता मी हॉलच्या पायरीवर बसतो. अट मोडलेली नाही, पायरी बाहेर आहे. मुलींच्या चपला जोडीनं लावून ठेवतो, पाण्याचा माठ भरतो. आतून माझ्या पोरीचा आवाज येतो, "अंगूठा बाहर! सबका अंगूठा बाहर!" आणि बावीस मुलींच्या पायांचा धप धप आवाज. चौदा नव्हे, बावीस. त्यात एक सेक्रेटरींची नात आहे. तिला सोडायला ते स्वतः येतात, माझ्याकडे बघत नाहीत, पण तिच्या चपला माझ्याच हातात देतात.

परवा एक म्हातारी बाई नातीला घेऊन पहिल्यांदाच आली. नुकतीच गावाकडून आलेली, तिला काही माहीत नव्हतं. नात आत गेल्यावर ती माझ्याशेजारी टेकली आणि माझ्या हातातल्या चपलांकडे बघून तिनं विचारलं, "तुमी कोन म्हनाव?"

"शिकवते ना आत, तिचा बाप हाव मी." छाती आपोआप पुढे आली.

"मंग असे बाहेर काहून बसले?"

"आत भांडखोर माणसाले येऊ देत नाईत, आजी," मी म्हणालो आणि तिच्या नातीच्या चपला जोडीनं लावून ठेवल्या.